घराचा कठडा

शास्त्रपाठ: अनुवाद २२:८



देवानें मोशेच्या द्वारें इस्राएल लोकांस जे नियम दिले, त्यांत एक नियम घर बांधणारांकरितां आहे. नव्या घराच्या धाब्यास कठडा करावा. तो न केल्यामुळें कोणी पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. त्या घरधन्यानें कोणास ढकललें नव्हतें. जें करावयाचें तें त्यानें केलें नाहीं, एवढेंच. आणि देवाच्या दृष्टीनें तोही दोष ठरला.

आमच्या घरांतील वृद्ध माणसें बहुधा धाब्यावरून पडत नाहींत. तीं न्हाणींतील शेवाळावर घसरतात, उंबरठ्यास ठेचाळतात, रात्रीं लघवीस उठतांना अंधारांत पडतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दिलेल्या माहितीप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६ लक्ष ८४ हजार माणसें पडून मरतात, व त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा असतो.

म्हातारपणीं पडणें आलेंच, ही देवाची इच्छा, असें कित्येक म्हणतात. आम्हांस हें मान्य नाहीं. एली याजक आसनावरून मागें पडला व मान मोडून मेला. त्याच्या घराण्यावरील दंडाची गोष्ट निराळी. परंतु तो ९८ वर्षांचा होता, त्याची दृष्टि गेली होती व शरीर जड झालें होतें, हेंही शास्त्र नमूद करतें. पडण्यास कारणें असतात. तीं शोधणें हा अविश्वास नव्हे.

तर आपल्या घरास कठडा कसा करावा?

पहिलें, वाट निर्धोक करा. बाजेपासून न्हाणीपर्यंत दोर, घमेलें, शेळीचें दावें पडूं देऊं नका. न्हाणीचा दगड घासून काढा व धरावयास भिंतींत मजबूत दांडा बसवा. सारवलेली किंवा पुसलेली जमीन वाळेपर्यंत वृद्धांस तिजवरून जाऊं देऊं नका. रात्रीं लहानसा दिवा असूं द्या, अथवा उशाशीं विजेरी ठेवा. सैल चपला व पायांत घोळणारें वस्त्र टाळा.

दुसरें, शरीराची काळजी घ्या. मोतीबिंदू झाला असल्यास तो काढून घेण्यास विलंब लावूं नका. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनीं कित्येकांस घेरी येते. त्या आपल्या मनानें बंद न करतां डॉक्टरांस सांगा. निजून उठल्यावर थोडा वेळ बाजेवर बसून मगच उभें राहावें.

तिसरें, वृद्धांस एका जागीं खिळवूं नका. "बस, हालूं नकोस" असें म्हणणें दयेचें वाटतें; पण न चालल्यानें पायांचें बळ जातें व पडण्याचें भय वाढतें. भिंत धरून टाचा उचलणें, खुर्चीवरून पुनःपुन्हां उठणें, असा तोल व बळ वाढविणारा व्यायाम नित्य केल्यास पडण्याचें प्रमाण सुमारें चतुर्थांशानें घटतें, असें अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१९ सालीं दिसून आलें.

इतकें करूनही कोणी पडलें, तर त्यास एकाएकीं ओढून उभें करूं नका. उभें राहवत नसेल, किंवा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचें हाड मोडलें असावें असें समजा. तेथें चोळूं नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पुष्कळ वृद्ध, लेकरांस भार होईल म्हणून, पडल्याचें लपवितात. जो एकदां पडला तो पुन्हां पडण्याचा संभव अधिक, म्हणून "आई, कुठें पडली नाहींस ना?" असें न रागावतां विचारीत जा.

ज्यांचीं मुलें पोटासाठीं शहरांत गेलीं आहेत, त्या एकट्या वृद्धांस कोण विचारील? उपदेशकहो, त्यांच्या घरीं प्रार्थनेस जाल तेव्हां न्हाणी व दिवाही पाहून या. मंडळींतील तरुणांनो, तेथें एक दांडा बसवून देणें ही सेवाच आहे.

पिकल्या केसांपुढें उठून उभें राहावें, अशी लेवीयांच्या पुस्तकांत आज्ञा आहे. आम्ही उपासनेंत वडील माणसांस मान देतों. परंतु घरीं तीं उठतांना त्यांस हात न देऊं, तर तो मान पोकळ होय. आमच्या कोणाच्याही घरावर असा दोष न येवो, म्हणून देव आम्हांस वेळींच जागें करो. आमेन.