पाटीवरचे दान

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आमच्या भाचीने मध्यंतरी आपल्या मोटारीचे एक छायाचित्र आम्हांला धाडले. मोटार नवी नव्हती. नवी होती ती तिची नंबरप्लेट. क्रमांकाशेजारी गुलाबी फीत आणि खाली चार इंग्रजी शब्द. रोग वेळीच ओळखला तर जीव वाचतो, असा त्यांचा भावार्थ. सोबत भाचीची एकच ओळ होती, "मामा, ही आईसाठी." तिची आई म्हणजे आमची धाकटी बहीण. स्तनाच्या कर्करोगाने ती गेली, त्याला आता वीस वर्षे होत आली.

छायाचित्र पाहून आम्हांला गहिवरून यायला हवे होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रथम मनात आली ती नापसंती. या हाताचे दान त्या हाताला कळू नये, हे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. चर्चमधल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव रंगवलेले दिसले की अजूनही आमच्या कपाळाला आठी पडते. मग दानाची पाटी गाडीच्या पाठीवर ठोकून ती रस्तोरस्ती मिरवणे कसे रुचावे?

पण नापसंतीलाही कारणे द्यावी लागतात, म्हणून आम्ही थोडी माहिती करून घेतली. अमेरिकेत नंबरप्लेट राज्य सरकार देते, आणि नेहमीच्या शुल्कावर जादा रक्कम भरणाऱ्यास विशेष पाटी मिळू शकते. १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयानाला अपघात झाला, तेव्हा त्यातील अंतराळवीरांच्या स्मरणार्थ फ्लोरिडा राज्याने १९८७ मध्ये काढलेली पाटी ही या प्रथेतील आरंभीची एक. पुढे विद्यापीठे आली, वन्यप्राणी आले आणि आरोग्यकार्येही आली. कॅलिफोर्नियात मुलांच्या आरोग्यासाठी व सुरक्षिततेसाठी एक पाटी आहे. तिच्या क्रमांकात हृदय, हात, तारा किंवा अधिकचे चिन्ह घालता येते. गुलाबी फितीच्या पाटीला आरंभी ५० डॉलर आणि पुढे दरसाल ४० डॉलर जादा मोजावे लागतात. बेताच्या मिळकतीच्या स्त्रियांची मोफत तपासणी करणाऱ्या सरकारी योजनेला त्यातून हातभार लागतो.

आपल्याकडे असे काही नाही. आपल्या आरटीओत पैसे भरून पसंतीचा क्रमांक घेता येतो; एकचा आकडा मिळावा म्हणून लाखो रुपये मोजणारे आहेत, आणि ती रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. त्या पैशाने कोणाचे दुखणे हलके झाले काय, हे आकडा मिरवणाराला विचारण्याची रीत नाही. आमची आठी त्याच्यासाठी कधी पडली नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कल्पना तशी जुनी आहे. १९०४ मध्ये डेन्मार्कमधील आयनार होल्बोल या टपालखात्यातील कारकुनाच्या सूचनेवरून नाताळच्या पत्रांवर चिकटवायचे एक तिकीट निघाले. त्याच्या पैशातून क्षयी मुलांसाठी रुग्णालय उभारायचे होते. १९०७ मध्ये अमेरिकेत एमिली बिसेल यांनी तोच मार्ग धरला. डेलावेअरमधील एका लहानशा क्षयरुग्णालयाला ३०० डॉलरची निकड होती; तिकिटांनी सुमारे ३,००० डॉलर मिळवून दिले. भारतात १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ट्युबरक्युलोसिस असोसिएशनच्या तिकिटांची मोहीम गांधीजयंतीला सुरू होई. आमच्या पिढीतील वाचकांना शाळेत गुरुजींनी विकलेली ती तिकिटे आठवत असतील.

आम्हांला ती एका मुलामुळे आठवतात. वर्गात सगळ्यांनी तिकीट घेऊन वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले होते. या मुलाने पैसे दिले, तिकीट घेतले आणि दप्तराच्या तळाशी सरकवले. "तू का नाही चिकटवत?" असे विचारून आम्ही दोघातिघांनी त्याला भंडावून सोडले. त्याने उत्तर दिले नाही. त्याचा बाप क्षयाने अंथरुणाला खिळला होता, हे आम्हांला कळले ते पुढच्या पावसाळ्यात, बापाच्या मयताला गेलो तेव्हा. ज्यांच्या घरी रोग नव्हता त्यांनी तो वहीवर मिरवला. ज्याच्या घरी होता त्याने तो दडवला. दानाच्या चिन्हांविषयी आमच्या मनात जी अढी बसली तिचे मूळ धर्मशिक्षणाच्या वर्गात नसून त्या बाकावर असावे, असे आता वाटते.

धर्मवचनांचा कौल घ्यावा तर तेथेही पेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात, पाचव्या अध्यायात, दिवा मापाखाली झाकू नये असे प्रभू सांगतो. सहाव्या अध्यायात तोच प्रभू दान गुप्तपणे करायला सांगतो. संत ऑगस्टीन यांनी ३९३ च्या सुमारास या प्रवचनावर भाष्य लिहिले. त्यांनी हा पेच हेतूच्या आधारे सोडवला: सत्कृत्य लोकांना दिसणे हा दोष नव्हे, लोकांची वाहवा हेच त्याचे साध्य होणे हा दोष. उत्तर बिनतोड आहे. पण ते देणाऱ्याच्या अंतःकरणापुरते आहे. भाचीचे अंतःकरण नंबरप्लेटवरून वाचणारे आम्ही कोण?

बाराव्या शतकातील यहुदी विचारवंत मायमोनिडीस यांचा विचार आम्हांला येथे अधिक उपयोगी वाटला. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची, गरजूला स्वतःच्या पायांवर उभे करण्याची. तिच्या खालोखालची अशी, की देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही. येथे गुप्तता हवी ती केवळ देणाऱ्याच्या आत्म्याच्या शुद्धीसाठी नव्हे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, यासाठीही हवी.

या मापाने मोजू लागलो तेव्हा आम्ही चपापलो. भाचीचे दान साऱ्या रस्त्याला दिसते. मात्र ज्या स्त्रीची तपासणी त्या पैशातून होईल तिला ते कोणाचे हे कळत नाही, आणि भाचीलाही ती स्त्री ठाऊक नाही. वर्गातल्या तिकिटाचे तसे नव्हते. तेथे ज्याच्या घरी रोग होता तो आमच्याच बाकावर बसला होता.

तरीही एक आक्षेप उरतो. तो भाचीविषयी नसून सरकारविषयी आहे. कॅलिफोर्नियात अशी नवी पाटी तयार होण्यापूर्वी ७,५०० जणांनी पैसे भरून मागणी नोंदवावी लागते. गुलाबी पाटीसाठी त्या रोगातून उठलेल्या स्त्रियांनीच खटपट केली आणि ती संख्या गाठली. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण ज्या रोगाला ७,५०० मोटारमालक मिळत नाहीत त्याने काय करावे? कुष्ठरोगाची पाटी हौसेने कोण लावील? मनाच्या आजाराला कोणता रंग शोभेल? आणि ज्यांच्या दारात मोटारच उभी राहणार नाही त्यांच्या दुखण्यांची बाजू कोणी मांडायची?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, विशेष पाटीवरील मजकूर हे सरकारचे बोलणे ठरवले. वाद होता तो यादवी युद्धातील दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या निशाणाचा. ते पाटीवर नाकारण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. निकाल आम्हांला पटतो. मात्र तो पटला की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. बोलणे सरकारचे असेल, तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत सरकारने गप्प का राहावे? रोग्याचा जो हक्क आहे तो निरोग्यांच्या आवडीनिवडीवर सोपवला की न्यायाच्या खुर्चीत दया येऊन बसते, आणि दयेला लाडके-नावडते असते. भाचीची पाटी ज्या योजनेला हातभार लावते, तिला तंबाखूवरच्या कराचाही पैसा मिळतो. सिगारेट ओढणारा तो कर भरतो आणि त्याच्या छातीवर कोणी फीत लावत नाही. मायमोनिडीस यांच्या पायरीच्या जवळ, नकळत का होईना, तोच अधिक असावा.

तेव्हा तपासणीचा खर्च करातून व्हावा, पाट्यांच्या विक्रीवर तो टांगून ठेवू नये, हे आमचे मत कायम आहे. पण करातून पैसा उभा राहतो. रोगाचे नाव चारचौघांत घेण्याचे बळ त्यातून येत नाही.

बहिणीला गाठ लागली ती तिने दहा महिने कोणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आम्हा भावांना तर नाहीच. वसईत डॉक्टर होते. मुंबईत टाटा रुग्णालय १९४१ पासून होते, तेथवर जायला लोकल होती. पैशाची तशी चणचण नव्हती. छातीचे दुखणे कोणापुढे कोणत्या शब्दांत काढावे, हे तिला सुचले नाही, आणि सुचावे असे घर आम्ही ठेवले नव्हते. पुढे दोन वर्षे उपचार चालले.

भाचीला आम्ही आमची आठी कळवली नाही. फोनवर एवढेच विचारले, पाटी पाहून कोणी काही बोलते का? ती म्हणाली, "मामा, पेट्रोलपंपावर एका अनोळखी बाईने विचारले, तुमचे कोण होते? मी सांगितले, आई. मग आम्ही दोघी गाड्या बाजूला घेऊन कितीतरी वेळ बोलत उभ्या राहिलो." काय बोललात, हे आम्ही विचारले नाही.

फोन ठेवल्यावर कपाटातून बहिणीच्या निधनाच्या सूचनेचे कात्रण काढले. तो मजकूर त्या दिवशी आम्हीच लिहून दिला होता. जवळजवळ तीन वर्षे तो रोग अंगावर वागवलेल्या बहिणीविषयी त्यात छापले आहे, "अल्पशा आजाराने".