मुका रुग्ण आणि परिचारकाचा धर्म

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार आधार मानले असून त्यांना ‘चतुष्पाद’ असे नाव दिले आहे: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक म्हणजे शुश्रूषा करणारी व्यक्ती, आणि रुग्ण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात या प्रत्येक पादाचे चार-चार गुण सांगितले आहेत, आणि त्यांतील लक्षणीय गोष्ट अशी की रुग्ण हा तेथे उपचारांचा केवळ विषय नसून त्याच्याकडूनही काही अपेक्षा आहे. आजार कसा सुरू झाला याची आठवण म्हणजे स्मृती, वैद्य सांगेल तसे वागणे म्हणजे निर्देशकारित्व, धीर न सोडणे म्हणजे अभीरुत्व आणि आपल्याला काय होत आहे ते सांगता येणे म्हणजे ज्ञापकत्व, हे रुग्णाचे चार गुण होत. घरात पाळलेले कुत्रे खोकू लागले की या मांडणीपुढे खरा पेच उभा राहतो, कारण या रुग्णाला सांगता येत नाही, पथ्याचे कारण कळत नाही आणि त्याला जे आठवते ते इतरांपर्यंत पोहोचत नाही. चौथा पाद असा अपुरा असताना त्याचा भार कोणावर पडतो, आणि तो उचलणे हे कर्तव्य मानायचे की नुसता लळा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

ज्या आजाराच्या संदर्भात हा प्रश्न येथे तपासायचा आहे त्याला पशुवैद्यक आणि श्वानपालक दोघेही केनेल कफ म्हणतात. हा एकाच जंतूचा रोग नव्हे. बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका हा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू, दुसऱ्या प्रकारचा अ‍ॅडेनोव्हायरस आणि असेच आणखी काही जंतू एकेकटे किंवा मिळून श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला सूज आणतात, आणि जेथे अनेक कुत्री एका छपराखाली येतात, म्हणजे मालक परगावी गेल्यावर कुत्री ठेवण्याच्या जागा, प्रदर्शने, प्रशिक्षणाचे वर्ग, तेथून तो घरी येतो. संसर्गानंतर दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही कोरडा, घोगरा, ढास लागल्यासारखा खोकला सुरू होतो आणि उबळीच्या शेवटी ओकारी येऊन पांढरा फेस पडतो, त्यामुळे पाहणाऱ्याला घशात हाड अडकल्याचा भास होतो. निरोगी, प्रौढ आणि लसीकरण झालेल्या कुत्र्यात तो बहुधा एक ते तीन आठवड्यांत ओसरतो. म्हणजेच या आजारात वैद्य आणि औषध हे दोन पाद पुष्कळदा मागे राहतात आणि सगळी मदार परिचारकावर येते; चरकाच्या मांडणीची कसोटी पाहण्यासाठी याहून सोयीचा आजार सापडणे अवघड.

परिचारकाचे जे चार गुण त्या अध्यायात येतात ते असे: उपचारज्ञता म्हणजे शुश्रूषेचे ज्ञान, दाक्ष्य म्हणजे तत्परता, अनुराग म्हणजे रुग्णाविषयी निष्ठायुक्त प्रेम, आणि शौच म्हणजे स्वच्छता. यांतील अनुराग हा मूळ संदर्भात सेवकाला स्वामीविषयी वाटणारा आहे. कुत्र्याच्या बाबतीत हे नाते उलटे होते, कारण येथे स्वामीच परिचारक असतो आणि ज्याने निष्ठा दाखवावी अशी लोकांची अपेक्षा असते ते जनावर अंथरुणावर असते. प्रेमाची उणीव अशा घरात सहसा नसते. उणीव असते ती ज्ञानाची, आणि रुग्णाचे हरवलेले ज्ञापकत्व भरून निघते ते ज्ञानानेच. कुत्रे सांगत नाही म्हणून परिचारकाला पाहावे लागते: ते नेहमीसारखे खाते का, पाणी पिते का, खोकला कोरडा आहे की ओला, नाकातून येणारा स्राव पाण्यासारखा आहे की घट्ट व पिवळट-हिरवा, शांत झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या वर जातो का. त्याची स्मृतीही परिचारकालाच व्हावे लागते. खोकला कोणत्या दिवशी सुरू झाला, आधी कुत्रे कोठे गेले होते, हे टिपून ठेवणे आणि उबळीचे मोबाइलवर चित्रण करणे हे वरवर क्षुल्लक वाटणारे काम तपासणीच्या मेजावर फार उपयोगी ठरते, कारण दवाखान्यात गेल्यावर अनेक कुत्री खोकतच नाहीत.

येथे करुणेच्या स्वरूपाचा प्रश्न येतो. पाचव्या शतकातील बौद्ध आचार्य बुद्धघोष यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू क्रौर्य, तो ओळखायला कठीण नाही. जवळचा शत्रू मात्र गृहासक्तीतून उपजणारा शोक आहे, आणि तो करुणेसारखाच दिसत असल्याने अधिक फसवा आहे. रात्री दोन वाजता उबळ ऐकून ज्या माणसाची झोप मोडते त्याला तो आवाज थांबावा असे तीव्रतेने वाटते, पण ही इच्छा कुत्र्याच्या त्रासाविषयी आहे की स्वतःच्या अस्वस्थतेविषयी, हे त्या क्षणी सहज उलगडत नाही. खोकला हे श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचे शरीराचे साधन आहे. तो कोरडा असून विश्रांती मिळू देत नसेल तर पशुवैद्य तो शमवणारे औषध देतात, परंतु छातीत स्राव साठलेला असताना तो दाबून टाकणे धोक्याचे ठरते. आवाज बंद झाल्याने समाधान होते ते ऐकणाऱ्याचे. बुद्धघोषांचा इशारा शुश्रूषेच्या खोलीत इतका नेमका लागू पडतो, की तो केवळ ध्यानमार्गी भिक्षूंसाठी होता असे मानणे ही वाचकाचीच चूक ठरावी.

याच अस्वस्थतेतून दुसरी, अधिक घातक गोष्ट घडते, ती म्हणजे घरातल्या माणसांच्या औषधांचा डबा उघडला जातो. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाच्या समदृष्टीचे वर्णन करताना विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याच ओळीत कुत्र्याचाही उल्लेख येतो, आणि प्राणिप्रेमी लेखनात तो वारंवार आधाराला घेतला जातो. पण वेदान्ती परंपरेने समदर्शन आणि समवर्तन यांत भेद केला आहे: सर्वांत एकच तत्त्व पाहणे वेगळे आणि सर्वांशी एकसारखे वागणे वेगळे. हा भेद पंडिती वाटत असेल तर पॅरासिटामॉलचे उदाहरण पुरेसे आहे. माणसाचा ताप उतरवणारी ही गोळी कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करू शकते. आयब्युप्रोफेन त्याच्या जठराला व मूत्रपिंडांना बाधते. आणि साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ घातलेले खोकल्याचे औषध त्याच्या रक्तातील साखर एकाएकी खाली आणते. ‘घरातल्या मुलासारखाच आहे’ म्हणून मुलाचेच औषध देणारा माणूस समदृष्टीच्या नावाखाली कुत्र्याचे कुत्रेपणच नाकारतो, आणि त्याची किंमत कुत्र्याला मोजावी लागते.

शौच या चौथ्या गुणाविषयी थोडक्यात सांगता येते. पाण्याची व जेवणाची भांडी वेगळी ठेवून रोज धुणे, अंथरूण बदलणे आणि दुसऱ्या कुत्र्याला हात लावण्याआधी हात धुणे एवढ्यात तो बराचसा येतो. मात्र शुद्धतेची धार्मिक कल्पना आणि रुग्णाची गरज यांचा एका ठिकाणी सरळ विरोध होतो. देवघरातील उदबत्ती, धूप आणि कापूर यांचा धूर सुजलेल्या श्वासनलिकेला सिगारेटच्या धुराइतकाच नकोसा असतो, आणि खोकला असेतोवर देवापुढे नुसते निरांजन लावले तर पूजेत काही उणे राहते असे मानण्याचे कारण दिसत नाही. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस वापरणे आणि गरम पाणी सोडून वाफ धरलेल्या न्हाणीघरात कुत्र्याला दहा-पंधरा मिनिटे जवळ घेऊन बसणे, हे उपायही याच जातीचे: साधे, बिनखर्चाचे आणि वेळ मागणारे.

सर्वांत अवघड प्रश्न विलगीकरणाचा आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो, कारण आश्रिताचा त्याग हे त्याच्या लेखी महापातक आहे, आणि ते कुत्रे म्हणजे प्रत्यक्ष धर्म असल्याचे पुढे उघड होते. ही कथा सोबतीची आहे, शुश्रूषेची नाही. ते कुत्रे अखेरपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आले होते. आजारी कुत्र्याच्या परिचारकावर उलट जबाबदारी येते, कारण त्याला कुत्र्याला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावेच लागते, आणि खोकला थांबल्यावरही काही आठवडे जंतू बाहेर पडू शकत असल्याने हे बंधन आजार सरला तरी लगेच सुटत नाही. कुत्र्याला मात्र दाराआड ठेवणे आणि टाकून देणे यांतील फरक कळत नाही. या पेचाचे उत्तर महाभारतापेक्षा पारशी धर्मग्रंथात अधिक स्पष्ट सापडते. ‘वेंदीदाद’ या अवेस्ताच्या भागातील तेरावे प्रकरण बहुतांशी कुत्र्यांविषयी आहे. तेथे पिसाळलेल्या कुत्र्याला बांधून ठेवण्यास सांगितले आहे, आणि त्याच प्रकरणात, धर्मनिष्ठ माणसावर जसे उपचार केले जातात तसेच त्याच्यावरही करावेत अशी आज्ञा आहे. बंधन आणि उपचार ही दोन्ही कर्तव्ये तेथे एकमेकांना छेद देत नाहीत. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि १८३४ साली जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला, त्यामागे ही परंपरा होती हे ध्यानात ठेवायला हवे.

मराठी भक्तिपरंपरेत कुत्रे दत्तात्रेयांच्या पायाशी आहे, खंडोबाच्या सोबत आहे, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची आख्यायिका घरोघर ठाऊक आहे. गृहस्थाच्या नित्यकर्मातील भूतयज्ञातही, म्हणजे इतर जीवांसाठी अन्न बाजूला काढण्याच्या विधीतही, कुत्र्याचा वाटा सांगितलेला आहे. या सगळ्या दयेचे रूप मुख्यतः अन्नदानाचे आहे, आणि आजारपणात नेमके तेच अपुरे पडते. घसा दुखत असलेल्या कुत्र्याला मऊ, कोमट अन्न थोडेथोडे द्यावे हे ठीक, पण नको असताना बळेच भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याने जेवण नाकारले तर तो भरवणाऱ्याच्या प्रेमाचा अव्हेर नसतो. ती त्याच्याजवळची एकमेव भाषा असते आणि ती ऐकायची असते.

म्हणून घरगुती शुश्रूषेची मर्यादा ओळखणे हा उपचारज्ञतेचाच भाग ठरतो. कुत्र्याने खाणे टाकले, ते मलूल पडून राहू लागले, अंगातील उष्णता ३९.२ अंश सेल्सिअसच्या वर गेली, श्वास भराभर चालू लागला किंवा नाकातून घट्ट स्राव येऊ लागला, तर आजार फुप्फुसांत उतरल्याची शक्यता धरून त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. पिल्ले, म्हातारी वा गाभण कुत्री आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जाती यांच्या बाबतीत तेवढी वाटही पाहू नये. लस न दिलेल्या कुत्र्याचा खोकला तर घरच्या घरी केनेल कफ ठरवून मोकळे होणे गैरच आहे, कारण डिस्टेंपर या बहुधा प्राणघातक रोगाची सुरुवातही अशाच खोकल्याने होऊ शकते.