व्यूहाचा कर्ता कोण?

काशीच्या मणिकर्णिका घाटावर अहोरात्र चिता जळत असतात. अरुंद गल्ल्यांतून तिरडी खांद्यावर घेतलेले लोक खाली उतरतात आणि त्याच गल्ल्यांतून अंत्यविधी आटोपलेले लोक वर चढतात. मध्ये लाकडे वाहणारे मजूर, गायी, कुत्री आणि यात्रेकरू यांची दाटी असते. रामनामाचा घोष कानी पडताच एखादा वाटसरू भिंतीला टेकतो. त्याला पाहून मागचाही टेकतो आणि तिरडीपुरती वाट मोकळी होते. खाली एका प्रेताला गंगास्नान घडत असते, दुसऱ्यासाठी लाकडे रचली जात असतात, तर तिसऱ्याच्या चितेवर खांद्यावरून मागे घडा टाकून पुत्र वळून न पाहता निघालेला असतो. पावसाळ्यात गंगा चढली की हा सर्व क्रम वरच्या गच्चीवर सरकतो. घाटाचे काम इ. स. १७९१ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी केले, लगतचा शिंदे घाट १८३० च्या सुमारास बायजाबाईंनी बांधविला, असे पायऱ्यांविषयी सांगता येते. पायऱ्यांवरच्या त्या क्रमाचा कर्ता मात्र बोट दाखवून सांगता येत नाही.

हिवाळ्यात याच गंगेवर उत्तरेकडून कुरव पक्षी येतात. नावेतून कोणी दाणे टाकले की शेकडो पांढरे पंख एकदम वळतात. परंतु थव्याला सेनापती नसतो. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये संगणकावर कृत्रिम थवा उडवून दाखविला. प्रत्येक पक्ष्याने शेजाऱ्यावर आदळू नये, शेजाऱ्यांच्या दिशेने उडावे आणि समुदायापासून दुरावू नये, एवढ्या तीन नियमांतून संपूर्ण थवा आकारास आला. पुढे रोम नगरावर उडणाऱ्या साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांचा अभ्यास झाला. प्रत्येक पक्षी केवळ सहा-सात निकटच्या सोबत्यांकडे लक्ष ठेवतो, असा त्याचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. समग्र व्यूहाचे ज्ञान त्यांतील एकालाही नसते, तरी व्यूह उभा राहतो.

गीतेच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून घडतात आणि कर्तेपण अहंकार आपल्याकडे ओढून घेतो, हा तिसऱ्या अध्यायाचा सिद्धान्त त्याच्या परिचयाचा आहे. श्रेष्ठाचे पाहून इतर लोक वागतात, हेही तेथेच सांगितले आहे. पण येथे एक धोका आहे, आणि तो सश्रद्ध माणसालाच अधिक आहे. जे आपोआप घडले ते ईश्वरी योजनेने घडले, म्हणून ते धर्म्य आहे, असे अनुमान सहज काढले जाते. हे अनुमान खोटे आहे.

दक्षिण अमेरिकेतील लष्करी मुंग्या जवळजवळ आंधळ्या असून पुढच्या मुंगीच्या गंधामागे चालतात. याच नियमाने त्यांची शिस्तबद्ध रांग बनते. परंतु कधी रांगेचे तोंड तिच्याच शेपटाला मिळते आणि वर्तुळ तयार होते. विल्यम बीब यांनी १९२१ च्या ग्रंथात असे सुमारे १२०० फूट परिघाचे वर्तुळ वर्णिले आहे. एका मुंगीला एक फेरा पुरा करण्यास अडीच तास लागत. त्या फिरत राहिल्या आणि बहुतेक फिरता फिरताच मेल्या. नियम तोच, शिस्तही तीच. वर्तुळ बाहेरून पाहणाऱ्याला कदाचित सुंदरही दिसले असते.

गृहस्थाच्या घरी हे वर्तुळ हुंड्याच्या रूपाने येते. हुंडा घ्यावा अशी आज्ञा कोणी केलेली नाही. १९६१ पासून कायद्याने तर त्याला बंदीच आहे. तरी वरपिता शेजारच्या सहा-सात घरांकडे पाहतो आणि ‘चालत आलेले आहे’ म्हणतो. त्याला विचारले तर तो स्वतःला कर्ता मानीत नाही. निरहंकारतेचा असा उपयोग गीतेला अभिप्रेत नाही. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे गणली आहेत. केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा तेथे मंदबुद्धी ठरतो हे खरे, पण त्या पाचांतून कर्त्याला वगळलेले नाही. सर्व उपदेश संपल्यावर भगवंतांनी अर्जुनावर विचार करण्याचे काम सोपविले. मुंगीला ते सोपविता आले नसते.

मणिकर्णिकेचा क्रमही या कसोटीतून सुटत नाही. तेथे चितेसाठी अग्नी घ्यावयाचा तो डोम समाजाने राखलेल्या धुनीतून. राजा असो वा वैदिक ब्राह्मण, शेवटचा अग्नी त्यांच्याकडूनच येतो. तरी त्याच हातचे पाणी समाजाने वर्ज्य मानले, आणि ही व्यवस्था कोणा एकाने न ठरविता चालली म्हणून तिला सनातन म्हटले गेले. डोमराजा जगदीश चौधरी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली, हे योग्यच झाले. पण पाण्याच्या पेल्याचा प्रश्न राजधानीत सुटत नाही.

परंपरा सांगते की काशीतच आद्य शंकराचार्यांना वाटेत चांडाळ भेटला. बाजूला हो, असे म्हणणे हा त्या गल्लीचा रुळलेला नियम होता आणि आचार्यांच्या मुखातूनही तेच निघाले. दूर कोणी व्हावे, अन्नमय देहाने की आत्म्याने, असे चांडाळाने विचारले. आचार्य थांबले, त्याला गुरू मानून नमले आणि मनीषापंचकाचे पाच श्लोक रचले. त्या क्षणी त्यांच्यासोबत शिष्य होते, असेही कथा सांगते. शिष्यांनी प्रथम कोणाकडे पाहिले असेल, हे सांगावयास नको.