खाजेची वही

लेकीचा इसब उसळला की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल काय खाल्लं होतं? सासूबाई विचारतात, फोनवर माझी आई विचारते, शेजारच्या काकू जिन्यात थांबवून विचारतात. मीही विचारते. मग वांगं बंद, दही बंद, अंडं बंद, आंबट बंद. हा प्रश्न आपल्याला इतका का आवडतो, हे मी हल्ली स्वतःलाच विचारते. उत्तर मिळालं की कुणीतरी दोषी मिळतं, म्हणून आवडतो. तिनं हट्ट केला, आजीनं दिलं, आईचं लक्ष नव्हतं. दोष कुणाच्या तरी नावावर टाकला की माझा जीव जरा खाली बसतो. रात्री दोन वाजता कोपराच्या लवणीत नखं रुतवणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग?

आजार मुळात आहे कातडीचा. आपल्या कातडीच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते ओलावा धरून ठेवायला आणि बाहेरचं बाहेर अडवायला मदत करतं. इसब असलेल्या बऱ्याच जणांत ते बनवणाऱ्या जनुकातच खोट असते, हे स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं. लहानपणी मला दमा होता, लेकीच्या बाबांना धुळीनं शिंका येतात. दमा, शिंका आणि इसब एकाच घरात फिरतात. हे कळल्यावर बरेच दिवस मी ‘माझ्याकडूनच गेलं’ हे उगाळत बसले. त्या दुःखात मुलगी कमी होती आणि मीच जास्त होते, हे मला मान्य करायला हवं.

खाण्याचा संबंध नसतोच असं नाही. अगदी लहान वयात, इसब तीव्र असेल तर, अंडं किंवा दूध यांची खरीच अ‍ॅलर्जी काही मुलांना असते. अंदाजानं एकेक पदार्थ काढत गेलं तर मात्र वाढत्या मुलीचं पोषण तुटतं, आणि बराच काळ तोडलेला पदार्थ पुन्हा दिल्यावर कधीकधी अचानक गंभीर अ‍ॅलर्जी उठू शकते. म्हणून बंदीची सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवली. बहुतेक पदार्थ त्यांच्या सल्ल्यानं ताटात परत आले.

उसळी आली की कारणाचा शोध मागे ठेवायचा आणि आधी कातडी शांत करायची, हा क्रम मी आता धरला आहे. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत अंघोळ. घासणी नाही, डाळीचं पीठ नाही, सुवासिक साबण नाही. मऊ पंच्यानं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मलम किंवा पेट्रोलियम जेली सढळ हातानं चोपडायची. इसब अंगभर असेल तर लहान मुलालाही आठवड्याला पाव किलो, कधी त्याहून जास्त मलम लागतं. छोटी ट्यूब महिनाभर पुरवणं ही काटकसर तिच्या कातडीच्या खर्चानं होते. नखं बारीक कापलेली आणि कपडे सुती, सैल.

पेटलेल्या चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड लावायचं. इथे माझ्या मनाची खरी परीक्षा होते. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की हात आखडतो, चट्टा जरा विझला की ट्यूब कपाटात जाते आणि चार दिवसांत आग परत भडकते. भीतीला आधार आहेच. आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं चिठ्ठीशिवाय सर्रास विकली गेली. लोकांनी ती गजकर्णावर चोळली आणि गजकर्ण चिवट झालं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या औषधांत टाकली. पण नेमून दिलेलं औषध नेमून दिलेल्या दिवसांपर्यंत न लावणं हीसुद्धा हेळसांडच, मग ती मायेपोटी का असेना. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एवढं माप ठाऊक असल्यावर ‘भीती वाटते’ ही सबब मी स्वतःला देऊ देत नाही.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. चट्टा करडा, जांभळट, नाहीतर नुसता काळपट दिसतो, आणि बघणाऱ्याला त्रास कमी वाटतो. उसळी ओसरली की फिकट डाग मागे राहतात, मग लग्नघरात कुणीतरी हळूच विचारतं, ‘कोड तर नाही ना?’ तिला लांब बाह्यांचा परकर-पोलका घालते तेव्हा मी कुणाला झाकत असते? नायलॉनचं अस्तर आणि काठाची जर तिला बोचते, हे उसळीच्या नोंदींच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. म्हणजे बाह्या तिच्यासाठी नव्हत्या.

ती वही मी उसळी सुरू झाल्यावर काढते. हवा, कपडे, साबण, घाम, झोप, शाळेतला दिवस, सगळं लिहिते. ऑक्टोबरचा उकाडा, दिवाळीच्या साफसफाईची धूळ, उटणं, मग आमच्या नाशिकची कोरडी थंडी, हे लागोपाठ येतं तेव्हा एकावर बोट ठेवता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काही दिवस थांबायचं, एवढाच मार्ग. कधी कारण सापडतच नाही, आणि सापडलं नाही तरी उपचार थांबत नाहीत. पिवळट खपल्या, पू, ताप दिसला तर वही मिटून डॉक्टरांकडे. दुखऱ्या पाणीदार फोडांचे घोस उठले तर त्याच दिवशी, उशीर नाही: नागिणीच्या कुळातला तो विषाणू इसबावर झपाट्यानं पसरतो.

वहीत ‘खाजवू नकोस’ हे किती वेळा म्हटलं ते मी कधीच लिहिलं नाही. रात्री ते म्हणताना आवाजात जी धार असते, ती तिच्या कातडीच्या काळजीची असते की माझ्या मोडलेल्या झोपेची? दोन्हींची असते. खाज थांबवणं तिच्या हातात नाही. थंड ओलं फडकं ठेवणं माझ्या हातात आहे, आणि त्यासाठी उठावं लागतं.

सगळ्यांत पक्कं सापडलेलं कारण आहे घाम. आणि तिला खो-खो जिवापाड आवडतो. कारण सापडलं म्हणजे ते तोडायचं, हा माझा पहिला विचार होता. स्वेटरची लोकर तोडता येते, तिचा खेळ तोडायचा अधिकार मला नाही. सरावानंतर साध्या पाण्यानं हातपाय, मान धुवायची, ओला गणवेश बदलायचा, मलम लावायचं, हे तिनं स्वतः ठरवलं आहे. दप्तरात छोटी डबी तिनेच ठेवली. मुलींसमोर लावायला लाज वाटते का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. आज विचारणार आहे.