प्रभावाची अमानत

आपली लेक किंवा सून मोबाईलवरून पाककृती, आरोग्याचा सल्ला वा दीनी शिकवण सांगू लागली, की घरात पहिला प्रश्न निघतो : ती लोकांसमोर का येते? पर्दा आणि हया यांचा हा प्रश्न रास्तच आहे. परंतु ती जे सांगते ते खरे आहे काय, असे आपण तिला कधी विचारता?

करीमा बिन्ते अहमद मरवजिया मक्केत हदीस शिकवीत. इ. स. १०७० च्या सुमारास त्यांचे निधन झाले. हजच्या निमित्ताने आलेल्या खतीब बगदादींसारख्या विद्वानाने ‘सहीह बुखारी’ त्यांच्यापुढे पाच दिवसांत वाचून पूर्ण केली. ग्रंथ पुढे देताना करीमा प्रत्येक प्रत आपल्या मूळ प्रतीशी ताडून पाहत. लोक त्यांच्याकडे येत, ते या काटेकोरपणासाठी.

आज न वापरलेल्या क्रीमची शिफारस करण्याचे पैसे मिळतात. ऐकणाऱ्या भगिनी तिच्या सलामावर, तिच्या हिजाबावर भरवसा ठेवून ती विकत घेतात. घरात बसून, पूर्ण पर्द्यात मिळविलेली ही कमाईदेखील फसवणुकीचीच होय. जाहिरात करणे मुळात निषिद्ध नाही, व्यापार तर हजरत खदीजा (रजि.) यांनीही केला. वस्तू स्वतः पारखावी, मोबदला घेतला असल्यास तसे उघड सांगावे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीतील शहानिशेचा आदेश येथेही लक्षात ठेवावा.

आणि तिच्या कमाईवर घराचा हप्ता फेडणाऱ्या पित्याने वा पतीने, तिने नाकारलेल्या रकमेचा जाब तिला विचारू नये.