न योजिलेले उपकार

एकाच कृतीला दोन फळे येऊ शकतात. एक योजिलेले, दुसरे न योजिलेले. स्वसंरक्षणाचा विचार करताना संत थॉमस अक्वायनस यांनी हा भेद मांडला. पुढे नीतिशास्त्राने तो मुख्यतः न योजिलेल्या अनिष्टाला लावला. परंतु न योजिलेले फळ गोड निघाले, तर त्याची जबाबदारी कोणावर?

पनवेल-रोहा लोहमार्गावरील जिते गावाचेच उदाहरण घेऊ. हा भाताचा मुलूख. शेतात अनवाणी वावरणे नित्याचे. अशा पायांच्या त्वचेतूनच दूषित, ओलसर मातीतील अंकुशकृमींच्या अळ्या शरीरात शिरतात. वाढलेले कृमी आतड्यात रक्त शोषतात आणि माणसाला पंडुरोग जडतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी मिळते. लावणी करणारी त्यांची आई मात्र त्या वयोगटाबाहेर राहते.

जेथे हत्तीरोगाची सामुदायिक औषधोपचार मोहीम जाते, तेथे हीच गोळी आईलाही मिळते. लहान बालके, गर्भवती व गंभीर आजारी सोडून सर्वांनीच ती घ्यायची असते. नागपूर जिल्ह्यात २०१९ साली डीईसी व अल्बेंडाझोल यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिनही देण्यात आले. नेम हत्तीरोगाच्या जंतूंवर होता. पण अल्बेंडाझोलने आतड्यातील जंत मरतात, आयव्हरमेक्टिनने खरजेचे किडे आणि उवाही मरतात. फिजीतील एका अभ्यासात सबंध वस्तीला आयव्हरमेक्टिन दिल्यावर वर्षभरात खरजेचे प्रमाण शेकडा ३२ वरून २ वर आले. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

आता खरा पेच. हत्तीरोगाचा प्रसार ठरलेल्या मर्यादेखाली गेला, की मोहीम थांबते. ते यशच होय. परंतु त्याच दिवशी आईची जंताची गोळीही बंद होते. कोणी ती हिरावून घेतली असे म्हणता येत नाही, कारण ती कोणी हेतुपूर्वक दिलीच नव्हती. दूषित माती आणि अनवाणी पाय मात्र तसेच राहतात.

एका रोगासाठी मिळालेला पैसा दुसऱ्यावर कसा खर्चावा, हा आक्षेप रास्त आहे. एक लक्ष्य ठरवल्यावाचून कोणतेही कार्य तडीस जात नाही. म्हणून हत्तीरोगाची मोहीम अखंड चालवावी, असे कोणी म्हणणार नाही. मात्र अजाणता झालेला उपकार एकदा ध्यानात आला, की तो योगायोग उरत नाही. तो थांबवणे हाही मग एक निर्णय ठरतो, आणि निर्णयाचा जाब द्यावा लागतो. मोहीम आवरताना तिच्या आडोशाने बरे झालेल्यांची मोजदाद व्हावी आणि त्यांचा भार पुढे कोण वाहणार, हे आधी ठरावे. हेतू नव्हता, ही सबब अपायाच्या बाबतीत आपण सहज स्वीकारत नाही. उपकाराच्या बाबतीत तरी ती का स्वीकारावी?