न्यूट्रिनो हरला, हिशेब टिकला

बेळगावातल्या टिळकवाडीच्या दक्षिणेला धारवाड, उत्तरेला कोल्हापूर. विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याबद्दल, म्हणजे कृष्णद्रव्याबद्दल, बोलायला मला ही दोन गावं पुरतात. राणी चन्नम्मा विद्यापीठ येईपर्यंत इथल्या आरपीडी आणि जीएसएस कॉलेजच्या मुलांच्या पदव्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या असत. नागपुरात जन्मलेले रामनाथ कौसिक १९६० साली त्याच विद्यापीठातून एम.एस्सी. झाले. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ सालचा, कोल्हापूरचा. दोघांनीही पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं. कृष्णद्रव्याच्या बाबतीत मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना.

प्रश्न त्यांच्याही आधीचा. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकीने कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. त्या इतक्या जोरात धावत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाने समूह एकत्र राहणं अशक्य. द्रव्य दिसतं त्याच्या चारशे पट हवं, असा त्याचा अंदाज. आकडा फारच फुगलेला होता, आणि झ्विकी पडला भांडकुदळ. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे वेग मोजले. कडेचा वायूही आतल्यासारखाच वेगाने फिरत होता. त्यानंतर काणाडोळा करणं जड जाऊ लागलं.

न दिसणारं काही तरी आहे, पण ते आहे कशाचं? कौसिक आणि त्यांचे सहलेखक मॅक्लेलंड यांनी १९७२-७३ मध्ये दिलेलं उत्तर मला या सगळ्या कथेतलं सर्वांत धाडसी वाटतं. महास्फोटातून उरलेले न्यूट्रिनो नावाचे हलके कण आजही सगळीकडे आहेत. आजच्या आकड्यांत सांगायचं तर दर घन सेंटिमीटरला सुमारे ३३६. याउलट साधं द्रव्य सारखं पसरलं, तर चार घनमीटरला जेमतेम एक प्रोटॉन. म्हणजे एका प्रोटॉनमागे अब्जाहून अधिक न्यूट्रिनो! प्रत्येकाला प्रोटॉनच्या अब्जांशाइतकं वस्तुमान दिलं, तरी सगळे मिळून साऱ्या ताऱ्यांना भारी पडतात. दोघांनी आधी विश्वाच्या प्रसरणावरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाला वरची मर्यादा घातली. मग दीर्घिकासमूहांना बांधून ठेवणारे हेच असतील, असं सुचवलं. प्रयोगशाळेत जे तोलता येत नव्हतं, ते त्यांनी आकाशाच्या तागडीत घातलं.

न्यूट्रिनो टिकला नाही. इतके हलके कण सुरुवातीला जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळतात आणि लहान गोळे जमूच देत नाहीत. आधी प्रचंड समूह, मग दीर्घिका, असा क्रम लागतो. आकाशात दिसतं ते उलट. म्हणून १९८४ च्या सुमारास मंद गतीच्या, ‘थंड’ कृष्णद्रव्याची कल्पना पुढे आली. १९९८ साली जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचं दाखवलं खरं. पण ते इतकं थोडं, की या कामाला अपुरं. तरीही आरंभीच्या विश्वातून उरलेला कण शोधायचा आणि त्याचं एकूण वजन काढायचं, ही रीत नंतरच्या बहुतेक उमेदवारांना लागू झाली. उमेदवार पडला, निवडणुकीचे नियम राहिले.

प्लँक उपग्रहाच्या मोजणीनुसार विश्वात साधं द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ आणि उरलेली ६८ कृष्णऊर्जा.

नारळीकरांना ही वाटणी मान्य नव्हती. हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात महास्फोटच नाही. मग महास्फोटात तयार होणाऱ्या ड्युटेरियमच्या प्रमाणातून साध्या द्रव्यावर येणारं बंधनही उरत नाही. न दिसणारं द्रव्य म्हणजे विश्वाच्या आधीच्या आवर्तनांतले विझलेले तारेही असू शकतात. वैश्विक पार्श्वप्रारणासाठी मात्र त्यांना अवकाशात विखुरलेल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुया लागल्या, आणि तिथे माझा पाय अडखळतो. त्या प्रारणातले बारीक चढउतार आणि दीर्घिकांचे वेग, दोन्ही वाटांनी कृष्णद्रव्य लागतंच. मात्र कण पकडून दाखवा, हा नारळीकरांच्या बाजूचा आग्रह रास्तच होता. मे २०२५ मध्ये ते गेले. अमेरिकेत दक्षिण डकोटातल्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, द्रवरूप झेनॉनची टाकी त्या कणाची वाट पाहत आहे. अजून तरी तो तिथे सापडलेला नाही.